साठीनंतर हलक्या टूरिंग गाडीवर जाताना: आधी काय, मग काय

जड टूरिंग (लांब फिरायची) मोटारसायकल सोडून हलकी घ्यायची एवढं ठरलं की बहुतेक जण थेट शोरूम गाठतात. चुकायला सुरुवात तिथूनच होते. दसरा-पाडव्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून गाडी घाईत ठरते आणि जुनी त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये जाते. आठवड्याभरात नवीवर क्रॅश गार्ड, कॅरिअर आणि तीन पेट्या चढतात. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा जडच लागते, आणि "आता वय झालं" म्हणून माणूस फिरणं सोडतो. वय खरंच आड आलं असेल तर गोष्ट वेगळी. पण माझ्या ओळखीतल्या अशा चौघांचं वय आड आलं नव्हतं, कामांचा क्रम चुकला होता. म्हणून हे सगळं लिहितोय.

मी ६४ वर्षांचा, उंची ५ फूट ५ इंच, डावा गुडघा झिजलेला. तीन वर्षांपूर्वी २०० किलोच्या वरची गाडी सोडून १६० किलोच्या गाडीवर आलो. माझ्याही दोन चुका झाल्या, त्या पुढे ओघात येतील.

क्रम असा आहे: नोंदी, मापं, सामान, गाड्यांची यादी, चाचणी, गाडीची जुळणी, मैदानावरचा सराव, पहिला दौरा. जुनी गाडी विकायची ती या सगळ्यानंतर. दोन गाड्या काही महिने सांभाळणं पैशांमुळे शक्य नसेल तर निदान चौथ्या टप्प्यानंतर भाड्याची गाडी दोन दिवस चालवा आणि मगच जुनीचा सौदा करा.

टप्पा १: नेमका त्रास कुठे होतो ते महिनाभर लिहा

एक छोटी वही घ्या. गाडी काढली की परत आल्यावर दोनच ओळी लिहायच्या: कशाने दमलो आणि कुठे दुखलं. महिन्याने त्या नोंदींचे दोन गट पडलेले दिसतील.

पहिल्या गटात गाडी थांबलेली किंवा चालण्याच्या वेगात असतानाचा त्रास येतो. पार्किंगमधून मागे ओढणं, उतारावर उभी केलेली गाडी काढणं, अरुंद रस्त्यावर यू-टर्न, सिग्नलला खड्ड्यात पाय पडणं, मागच्या बॅगेवरून पाय टाकताना कंबरेत येणारी चमक. हा वजनाचा आणि सीटच्या उंचीचा त्रास आहे आणि हलकी गाडी तो खरोखर कमी करते.

दुसऱ्या गटात गाडी वेगात असतानाचा त्रास: मनगटं बधिर होणं, मान आखडणं, माकडहाड दुखणं, गुडघे फार दुमडले जाणं. याचा वजनाशी फारसा संबंध नाही. हँडल एक-दीड इंच वर-मागे घेणं, सीटचा फोम बदलून घेणं, वारा अडवणारी छोटी काच बसवणं एवढ्याने तो बराच हटतो. तुमच्या वहीत हाच गट भरला असेल तर आधी सीटवाल्याकडे जा. विनाकारण गाडी बदलू नका.

याच महिन्यात दोन कामं उरकून टाका. पहिलं डॉक्टरांचं. मोटारसायकलवर लांब जातो हे त्यांना स्पष्ट सांगा आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठून उभं राहिल्यावर भोवळ येते आणि मधुमेहाच्या औषधावर जेवण लांबलं तर साखर उतरते. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर मोतीबिंदू तपासून घ्या. दुसरं काम लायसन्सचं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वयाच्या ५५ नंतर काढलेलं किंवा नवं केलेलं खाजगी वाहनाचं लायसन्स पाचच वर्षांचं असतं, आणि चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

तपासून पाहा: लायसन्सवरची तारीख आज, आत्ता वाचा. "अजून आहे" असं म्हणणाऱ्या किती जणांचं संपलेलं असतं ते मी पाहिलंय.

टप्पा २: स्वतःची मापं घ्या

भिंतीला पाठ लावून, दौऱ्यावर घालता ते बूट घालून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सायकलच्या सीटसारखं वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. तुमच्या पायाचं खरं माप हे. एकूण उंचीवरून ते कळत नाही.

आता गाड्यांचे आकडे पाहा. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स या ॲडव्हेंचर (खराब रस्त्यांसाठीच्या उंच) गाडीचं वजन १६७ किलो आणि सीट ८३५ मिलिमीटरवर. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझ साधारण तेवढीच, १६३ किलो, पण सीट ७३७ मिलिमीटरवर. वजनात चार किलोंचा फरक, सीटमध्ये जवळजवळ दहा सेंटिमीटरचा. रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलोची असून तिची सीट ७४० वर आहे. सपाट जागी माझ्या उंचीच्या माणसाला सुपर मिटिऑर उंच ॲडव्हेंचर गाडीपेक्षा आटोपशीर वाटते, आणि हीच गाडी उतारावरून मागे ओढायची वेळ आली की अंगावर येते. म्हणून वजन आणि सीटची उंची हे दोन आकडे नेहमी सोबत वाचायचे.

सीटची रुंदीही पाहा. ८०० मिलिमीटरची रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय कमी पोचतो, तर ८२५ ची पुढे निमुळती सीट पोचू देते. साठीनंतर माझी अट अशी आहे: एक पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे आणि त्याच वेळी दुसऱ्या पायाचा चवडा टेकला पाहिजे. तिशीत नुसत्या चवड्यांवर भागतं, कारण गाडी कलली तर गुडघा झटक्यात सावरतो. आता तो भरवसा धरू नये.

सावधान: ॲडव्हेंचर गाडी दिसायला हलकी आणि ऐटदार असते. वजन कमी म्हणून उंच गाडी घेणं ही या बदलातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. सीट खाली करून मिळते, पण किती आणि कोणत्या भागाने ते घेण्याआधी लेखी विचारा.

टप्पा ३: गाडीआधी सामान हलकं करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, मीही गाळला होता.

मागच्या दौऱ्याला नेलेलं सगळं सामान बॅगांसकट घरातल्या वजनकाट्यावर ठेवा. बॅग हातात धरून स्वतः उभे राहा आणि नंतर स्वतःचं वजन वजा करा. माझं भरलं ३१ किलो. त्यातले पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकटच १५ किलो. हलकी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी तीच चौकट तिच्यावर वाकवून बसवून घेतली आणि वर जाड पाइपचा क्रॅश गार्ड लावला. ४० हून जास्त किलो वाचवायला पैसे मोजले आणि निम्मे परत चढवले. पुढच्या पावसाळ्यात सगळं उतरवलं.

आता सामान १३ किलोच्या वर जाऊ देत नाही. कापडी सॅडल बॅगा, त्यांच्या आत प्लास्टिकचं अस्तर, तीन दिवसांचे कपडे, कारण धुता येतात. पंक्चर किट आणि छोटा पंप ठेवलाय, जास्तीची ट्यूब काढली, कारण टायर ट्यूबलेस आहेत. तुमच्या गाडीला तारांची चाकं असतील तर ट्यूब लागेल, हे बघून ठरवा. रेनकोट सगळ्यात वर. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ ठेवा. शेपटाकडे, दिव्याच्या वर बांधलेले पाच किलो टाकीजवळच्या दहा किलोंपेक्षा जास्त त्रास देतात, हँडल हलकं पडतं आणि वळणावर गाडी मागून डुलते.

टाकीचंही वजन असतं. १५ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ११ किलो, आणि तेही उंचावर. घाटात जाताना गच्च भरलीच पाहिजे असं नाही, पुढचा पंप ५० किलोमीटरवर असेल तर अर्धी पुरते.

मागे बसणारं माणूस असेल तर मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल एकूण वजन पाहा आणि त्यातून गाडीचं वजन वजा करा. उरतं त्यात तुम्ही, मागचं माणूस, हेल्मेट, जॅकेट आणि सामान सगळं बसलं पाहिजे. दोघं सत्तर-ऐंशी किलोंचे असाल तर सामानाला फार थोडं उरतं. तुमच्या सौभाग्यवती नेहमी सोबत असतील तर हे गणित त्यांच्यासमोर बसून करा, कारण त्यांची बॅगही त्यातच आहे. शिवाय त्यांच्याही गुडघ्यांना चढता-उतरता येईल असं मागचं फूटरेस्ट आणि धरायला कडी हवी.

टप्पा ४: यादी तीन गाड्यांची, जास्त नको

आधी स्वतःला विचारा, मी नेमका कुठल्या वेगाने जातो? घाटात आपण ४०-५० ने चालतो, राज्य महामार्गावर ६०-७० ने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे जिथे १२० चा वेग कामाला आला असता तिथे आपल्याला जाताच येत नाही. ८० ला शांतपणे, न थरथरता तासभर चालेल एवढं इंजिन पुरतं. २०० ते २५० सीसीत ते मिळतं, एकट्याने जाणाऱ्याला तर नक्कीच. दोघं आणि सामान असेल तर २५० ते ३५० पाहा.

माझ्या यादीसाठी पाहिलेल्या काही गाड्या, पत्रकातल्या आकड्यांसह:

टीव्हीएस रोनिन, सुमारे १६० किलो, सीट ७९५, टाकी १४ लिटर. उंची कमी असलेल्यांनी आधी हिच्यावर बसून पाहावं.

हिरो एक्सपल्स २०० ४व्ही, सुमारे १५९ किलो, सीट ८२५. खराब रस्त्यावर उत्तम, पण उंच. मोठ्या महामार्गावर दिवसभर ९० ने जायची गाडी ही नव्हे.

व्ही-स्ट्रॉम एसएक्स, वर सांगितलीच. उंच माणसाला, मोठ्या पल्ल्यासाठी चांगली.

होंडा हायनेस सीबी ३५०, १८१ किलो, सीट ८००. दोघांना आरामशीर. रॉयल एनफिल्ड हंटर ३५० ही १८१ किलोचीच, आखूड आणि वळायला सोपी. क्लासिक ३५० मात्र १९५ आणि हिमालयन ४५० ही १९६ किलोची, तेव्हा सीसी बघून वजनाचा अंदाज बांधू नका. २५० किलोच्या गाडीवरून येणाऱ्याला १८१ ही हलकीच वाटेल. १९९ किलोच्या जुन्या हिमालयन ४११ वरून येणाऱ्याने १८१ वर थांबू नये, फरक जेमतेम जाणवेल. माझ्या मते निदान ३० किलो कमी झाले तरच एवढा खटाटोप करावा.

तपासून पाहा: पत्रकातलं वजन पेट्रोल-ऑइलसह आहे की कोरडं? काही कंपन्या कोरडं वजन छापतात आणि गाडी दहा-पंधरा किलोंनी हलकी भासते. आकडे मॉडेलच्या वर्षागणिक थोडे बदलतात, तेही ताडून घ्या.

किमतीचा एक मुद्दा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. यादी करताना ही रेघ लक्षात असू द्या.

टप्पा ५: चाचणी, आधी इंजिन बंद ठेवून

शोरूममध्ये माणूस चावी लावून देतो आणि आपण एक फेरी मारून येतो. त्या फेरीत गाडी चालतानाच हलकी वाटते आणि चालताना तर सगळ्याच गाड्या हलक्या वाटतात. म्हणून पहिली वीस मिनिटं इंजिन बंद. सकाळी, गर्दी नसताना, दौऱ्याचे बूट आणि जॅकेट घालून जा. विक्रेता घाई करत असेल तर दुसऱ्या दिवशी या.

आधी गाडी साइड स्टँडवरून सरळ करा, डाव्या बाजूने, शेजारी उभं राहून. दोनदा नव्हे, पाचदा. पाचव्या वेळी पाठीत काय होतं ते महत्त्वाचं.

मग दहा पावलं पुढे ढकला आणि दहा पावलं मागे. मागे नेताना हँडल पूर्ण वळवून गाडी एका पार्किंगच्या खाचेत बसवा.

नंतर उतार शोधा. शोरूमचा रॅम्प चालेल. गाडीचं तोंड उताराकडे करून उभी करा आणि सीटवर बसून पायांनी मागे न्यायचा प्रयत्न करा. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर २०० किलोच्या गाडीला नुसत्या उताराविरुद्ध २० किलोंचा जोर लागतो, १६० किलोच्या गाडीला १६ किलोंचा. तुमचं वजन त्यात वेगळं धरा. जमत नसेल तर निराश होऊ नका. अशा जागी गाडीचं तोंड चढाकडे ठेवून उभी करायची, ही सवय आपण लावून घेऊ.

पुढची परीक्षा पाय टाकण्याची. मागच्या सीटवर तुमची भरलेली बॅग बांधा, हो, घरून घेऊन जा. आता चढा आणि उतरा, तीनदा. कंबर अडत असेल तर बॅगेची जागा बदलून पाहा. चढताना डावा पाय फूटरेस्टवर ठेवून घोड्यावर चढल्यासारखं चढायची अनेकांना सवय असते. साइड स्टँडवर सगळा भार देऊन तसं करू नका, स्टँडची पिन वाकते किंवा मऊ जमिनीत स्टँड रुततो.

एक परीक्षा सोबत माणूस असल्याशिवाय करू नका. गाडीवर बसा, सोबत्याला कलणाऱ्या बाजूला उभं करा आणि गाडी हळूहळू त्या बाजूला कलवत न्या. एका ठरावीक कोनापर्यंत ती हातात असते, त्यापुढे एकदम जड होते. तो कोन ओळखून ठेवा. गुरुत्वमध्य खाली असलेल्या गाडीत तो कोन मोठा असतो, उंच टाकीच्या गाडीत लहान. हा फरक कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो.

मेन स्टँड आहे का तेही विचारा. आजकाल अनेक गाड्यांना नसतो, आणि चेनला ऑइल घालायला दर वेळी वाकून चाक फिरवत बसणं आपल्या पाठीला परवडत नाही.

यानंतर इंजिन सुरू करा. निदान अर्धा तास चालवा. हाफ क्लचवर चालण्याच्या वेगाने ५० मीटर, दोन्ही बाजूंनी यू-टर्न, चढावर थांबून पुन्हा निघणं, एखादा खडबडीत रस्ता. मागे बसणारं माणूस नेहमी असेल तर त्यांना घेऊनही एक फेरी.

तपासून पाहा: घरी या, झोपा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठला सांधा बोलतो ते वहीत लिहा. निर्णय त्यानंतर.

सावधान: हलकी गाडी पडली तर सहज उचलता येईल हे गृहीत धरू नका. १६० किलो हे १६० किलोच असतात. पडलेल्या गाडीचं इंजिन आधी बंद करा, ती गिअरमध्ये टाका आणि उजव्या अंगाला पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड बाहेर काढा. मग सीटला पाठ लावून, हँडल आणि मागची कडी धरून पायांच्या जोरावर उठायचं, कंबर वाकवून नाही. पाठीचा जुना त्रास असेल तर अजिबात उचलू नका. रस्त्याच्या कडेला सरा आणि येणाऱ्याला हाक मारा. आपल्याकडे दोन मिनिटांत कुणीतरी थांबतंच.

टप्पा ६: गाडी अंगाला जुळवून घ्या

गाडी घरी आल्यावर सामानाच्या दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडे तासभर बसा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हाताच्या रेषेत, ब्रेकचं पॅडल बुटाच्या उंचीला, आरसे खांद्यापलीकडे दिसतील असे. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) एकट्यासाठी एका खाचेवर आणि दोघांसाठी दुसऱ्या. कोणती कुठली ते टाकीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. प्रीलोड कमी केल्याने गाडी थोडी बसते आणि पाय जास्त टेकतात, म्हणून काही जण कायम कमीच ठेवतात. मग दोघं बसल्यावर खड्ड्यात शॉकअप तळाला आदळतो आणि तोच दणका मणक्यात जातो. टायरची हवा गाडीवर चिकटवलेल्या पत्रकाप्रमाणेच भरा. "जुनीत ३५ भरायचो" हे इथे चालत नाही.

काय लावावं? छोटी काच, हलका लेग गार्ड, चांगली सीट, मोबाइलचं चार्जिंग. काय लावू नये? बाकी सगळं, निदान पहिले हजार किलोमीटर तरी. दौऱ्याचं सामान चढवून झालं की एखाद्या भुसार दुकानाच्या प्लॅटफॉर्म काट्यावर गाडी चढवून बघा. आकडा वहीत लिहा आणि जुन्या गाडीच्या आकड्याशेजारी मांडा.

टप्पा ७: जुन्या सवयी मैदानावर मोडा

तीन रविवार सकाळी मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग शोधा. दर वेळी पाऊण तास पुरतो.

पहिल्या रविवारी फक्त हळू चालणं: इंग्रजी आठचा आकडा, यू-टर्न, थांबणं-निघणं. जड गाडीवर आपण पाय टेकवत वळायला शिकलेलो असतो. हलक्या गाडीवर पाय फूटरेस्टवर, नजर वळणाच्या टोकाकडे आणि मागचा ब्रेक हलका धरून.

दुसऱ्या रविवारी ब्रेक. ३० वरून, ४० वरून, ५० वरून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा झाला, पण एका चाकाचा एबीएसही नियमात बसतो आणि तो पुढच्या चाकाला असतो. तुमच्या गाडीला तसाच असेल तर मागचा ब्रेक जोरात दाबल्यावर मागचं चाक लॉक होणारच. ते मैदानावर एकदा अनुभवून घ्या. ज्यांची जवानी जुन्या बुलेटवर गेली, जिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता, त्यांनी हा सराव दुप्पट करावा. घाबरल्या क्षणी पाय चाळीस वर्षांपूर्वीचंच काम करतो.

तिसऱ्या रविवारी रस्त्यावर जा, पण ओव्हरटेक आणि वाऱ्यासाठी. लहान इंजिन तिसऱ्या-चौथ्या गिअरमधून ओढून नेत नाही, ट्रक पार करण्याआधी एक गिअर उतरवावा लागतो आणि मोकळा रस्ता जास्त लांब दिसावा लागतो. जड गाडी वारा अंगावर घेत सरळ जाते, हलकी सरकते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमधून जाऊन पाहा, लगेच कळेल. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा आणि कोपरं सैल सोडा. समोरून येणाऱ्या बसच्या झोतात गाडी फूटभर हलते, तेवढी जागा आधीच ठेवून चाला.

टप्पा ८: पहिला दौरा, लडाख नव्हे

आधी १०० किलोमीटरची सकाळची फेरी, मग २५० चा एक दिवस, मग एक मुक्काम. पुण्याहून मी सुचवतो तो रस्ता असा: ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, तिथून मंडणगड, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई आणि परत. दुसरा दिवस लांब वाटला तर महाबळेश्वरात आणखी एक रात्र काढा. दिवाळीनंतरचे महिने निवडा, पावसाळ्यात ताम्हिणी आणि आंबेनळीत दरडी येतात.

या रस्त्यात घाट, खराब तुकडे, वाळू आणि जेट्टी सगळं आहे. जेट्टी मुद्दाम घातली. माझी जुनी गाडी मी एका जेट्टीच्या उतारावरच आडवी केली होती, भरतीच्या पाण्याने ओल्या शेवाळलेल्या काँक्रीटवर. चार खलाशांनी उचलली. बोटीवर चढताना मागच्या माणसाला आधीच उतरवा. समोरची गाडी पूर्ण आत जाईपर्यंत वर सपाटीवर थांबा, उतारावर नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडलेला, मागच्या ब्रेकवर, लोखंडी फळीवर सरळ रेषेत जा. पुढचा ब्रेक ओढू नका, हँडल वळवू नका. बोटीत गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावा आणि शेजारी उभे राहा.

दर तासाने थांबा, पाणी प्या, दोन मिनिटं चाला. दुपारी चारला मुक्काम गाठलेला असावा. अंधारात चालवायची वेळ येऊ देऊ नका, येणारच असेल तर अलीकडच्या गावात राहा.

तपासून पाहा: परत आल्यावर पहिल्या महिन्याच्या नोंदी आणि दौऱ्याच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या गटातली दुखणी निम्म्याहून कमी झाली नसतील तर गाडी किंवा सामान यांपैकी एक अजून चुकलेलं आहे. बहुधा सामान.

टप्पा ९: आता जुनी विका

माझी दुसरी चूक इथली. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला मी सह्या केलेले कोरे फॉर्म आणि चावी देऊन मोकळा झालो. आठ महिने गाडी माझ्याच नावावर फिरली आणि तिची तीन ई-चलनं माझ्या मोबाइलवर आली. दंड भरून सुटलो. अपघात झाला असता तर नुकसानभरपाईच्या दाव्यात नाव माझंच आलं असतं, कारण नोंदणीत नाव असतं तोच मालक धरला जातो.

म्हणून मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरूनच सही करा, खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारखेसकट. कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन बोजा आधी उतरवा. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. राज्यातल्या राज्यात विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विक्रेत्याचं काम आहे, व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, खरेदीदाराच्या सहीने, दोन प्रतींत करा.

विम्याचं एक सांगायचं राहिलं. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, तुमचा असतो. विक्रीनंतर विमा कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या पॉलिसीला तो कधी आणि कसा लागेल ते नवी घेतानाच विचारून ठेवा, कारण आपण आधी घेतोय आणि नंतर विकतोय.

महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघा. नाव बदललेलं नसेल तर खरेदीदाराला फोन करा, दर आठवड्याला करा. बदललेलं दिसलं की त्या पानाची एक प्रत छापा, पावतीसोबत फाइलला लावा आणि मगच फाइल कपाटात वर ठेवा.